गाडीतला ऑइलचा काटा खरंच काय मोजतो, आणि तो खरा की शोभेचा हे कसं ओळखायचं

डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचं चित्र आणि बाजूला काटा असला की बरेच जण धरून चालतात की इंजिनात ऑइल किती आहे ते हा दाखवतोय. तसं नाहीये. तो काटा प्रेशर दाखवतो, लेव्हल नाही, आणि बऱ्याच गाड्यांत तर धड प्रेशरही दाखवत नाही.

आधी प्रेशर कुठलं ते समजून घ्या. ऑइल पंप खालच्या चेंबरमधून ऑइल ओढतो, ते फिल्टरमधून इंजिन ब्लॉकमधल्या मुख्य गॅलरीत (ऑइलच्या मोठ्या वाटेत) जातं आणि तिथून बेअरिंग, कॅमशाफ्ट वगैरेकडे. सेंडर, म्हणजे प्रेशर मोजून काट्याला सिग्नल देणारा भाग, शक्यतो या गॅलरीवर असतो, म्हणजे जे प्रेशर कळतं ते त्या एका जागेचं. पंप ऑइल ढकलत असतो आणि बेअरिंगच्या बारीक फटी त्याला अडवत असतात, त्या अडवण्यातून प्रेशर तयार होतं. म्हणून गार इंजिनात ऑइल घट्ट असताना काटा वर, गरम झाल्यावर आयडलिंगला खाली, आणि रेस दिली की परत वर, एका मर्यादेपर्यंत, कारण पुढे रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादाचं ऑइल परत सोडतो. काटा खूप वर म्हणजे इंजिन ठणठणीत असंही नाही, नुसतं ऑइल जास्त जाड असलं तरी तो वरच राहतो.

आता गंमत अशी की ऑइल लिटरभर कमी असलं तरी पंपाचं तोंड ऑइलात बुडालेलं आहे तोवर काटा जिथल्या तिथे. मग कधीतरी जोरात वळण घेताना किंवा करकचून ब्रेक मारल्यावर ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि काटा क्षणभर पडतो. हे दिसलं की आधी डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) बघा. खरं तर डिपस्टिक त्याआधीच बघायला हवी, काट्याच्या भरवशावर राहू नका.

आता शोभेच्या काट्याबद्दल. फोर्डने 1980 च्या दशकाच्या शेवटाकडे बऱ्याच मॉडेलमध्ये सेंडरऐवजी साधा स्विच टाकला. प्रेशर साधारण 6 पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं एकक) वर गेलं की स्विच चालू आणि काटा मध्यावर जाऊन बसतो, मग आत 15 असो नाहीतर 60, त्याला काही देणंघेणं नाही. माझदाच्या मियाटाचंही तेच, 1994 पर्यंत खरा काटा आणि 1995 पासून स्विचवाला. कंपनीची बाजूही कळते म्हणा, गरम इंजिनात काटा खाली येणं नॉर्मल असतं पण ते बघून घाबरलेला माणूस गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला येणारच. तरी मला हे पटत नाही, लाल दिव्याचं काम दिव्यालाच करू द्या की, काट्याचं सोंग कशाला.

तुमचा काटा कुठल्या जातीचा ते घरीच कळतं. सकाळी गार इंजिन चालू करून काटा कुठे आहे ते बघून ठेवा, मग गाडी चांगली वीसेक मिनिटं चालवून आयडलिंगला परत बघा आणि हळूहळू रेस द्या. गार-गरम, रेस-बिनरेस सगळीकडे काटा एकाच जागी चिकटून असेल तर स्विचच समजा. खात्री हवी असेल तर इंजिन बंद असताना सेंडरची वायर काढा, त्याचं टर्मिनल आणि इंजिनची बॉडी यांच्यात मल्टीमीटर लावून ओहम बघा आणि मग इंजिन चालू करून परत बघा. स्विच असेल तर एकतर सरळ जोडलेला नाहीतर पूर्ण तुटलेला एवढंच दिसेल, खऱ्या सेंडरचा आकडा प्रेशरबरोबर सरकत राहतो. वायर पंखा आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. नवीन गाड्यांत सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला जोडलेला असतो, तिथे ही ओहमची ट्रिक चालत नाही, आणि स्क्रीनवरचा आकडाही ईसीयू सॉफ्टवेअरमधून गाळून दाखवू शकतो.

प्रेशरचा खरा आकडा पाहिजे असेल तर सेंडर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायचा, कुठल्याही बऱ्या मेकॅनिककडे असतो. आटे आधी जुळवून बघा, जपानी आणि युरोपियन गाड्यांचे बरेचदा वेगळे असतात, जबरदस्तीने फिरवलं तर ब्लॉकचे आटे जातील. ढोबळ हिशोब असा की गरम इंजिनाला दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय मिळावं, पण हा जुना अंदाज आहे, तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा तोच शेवटचा. कायमचा गेज बसवायचा असेल तर जड सेंडर पितळी टी वर (तीन तोंडांच्या जोडावर) थेट लटकवू नका, व्हायब्रेशनने टी तडकते आणि ऑइल बाहेर येतं, मधे होज (लवचिक नळी) टाका.

आणि चालत्या गाडीत काटा शून्यावर आला किंवा लाल दिवा लागला तर "सेन्सर गेला असेल" म्हणत पुढे रेटू नका, गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद. कधीकधी खरंच वायर निघालेली असते, काही गाड्यांत वायर तुटली की काटा उलटा फुल वर जातो. लेव्हल बरोबर असली तरी खरं प्रेशर बघायला मेकॅनिकल गेज लावल्याशिवाय परत स्टार्ट मारू नका, गाडी टो करून न्या.