बेळगावहून पुण्यात आलात आणि दोन दारांची गाडी घ्यायचीय? आधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातून पुण्यात नोकरीला आलेल्या पोरांचे मला अधूनमधून फोन येतात. पहिलं वर्ष खोली आणि मेस लावण्यात जातं. मग पगार वाढतो, आणि बाणेरच्या एखाद्या सिग्नलला शेजारी जुनी ऑडी टीटी येऊन थांबते. खोलीवर जाऊन मोबाइलवर बघावं तर नव्या क्रेटाच्या पैशांत ती मिळतेय! प्रत्येकाला तेच तेच सांगत आलोय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हौस करू नका असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे दोन दारांची गाडी म्हटली की घरचे विचारतात, मागे आई-वडील कुठं बसणार? प्रश्न बरोबरच आहे. पण वय पंचविशी-तिशीचं, डोक्यावर कर्ज नाही आणि स्वतःच्या कष्टाचे पैसे, तर चार वर्षं अशी गाडी चालवण्यात काही चूक नाही. फक्त गाडीची किंमत वेगळी आणि गाडी पोसण्याचा खर्च वेगळा, हे पहिल्या दिवशी मान्य करा. पंधरा लाखांना मिळालेल्या गाडीचे पार्ट साठ लाखांच्या गाडीचेच असतात. त्यांची किंमत गाडीच्या वयाबरोबर उतरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परराज्यातल्या पासिंगची गाडी स्वस्त दिसली म्हणून घेऊ नका.

ऑनलाइन बघाल तर दिल्ली, हरियाणा, पुदुच्चेरी पासिंगच्या टीटी, बीएमडब्ल्यू झेड-फोर, मिनी कूपर पुण्यातल्यापेक्षा दोन-चार लाखांनी स्वस्त असतात. दिल्लीत पेट्रोल गाडीला १५ वर्षांची आणि डिझेलला १० वर्षांची मर्यादा लागू झाल्यापासून तिकडच्या जुन्या गाड्या इकडं यायला लागल्या. पुदुच्चेरीत कर कमी, म्हणून महागड्या गाड्या तिथं नोंदवण्याची पद्धतच पडली होती. विकणारा म्हणतो, ‘एनओसी (आरटीओचं ना हरकत पत्र) देतो, इकडं पासिंग करून घ्या, किरकोळ खर्च येतो.’ तो किरकोळ नसतो. महाराष्ट्रात एकरकमी कर ठरतो तो तुम्ही दिलेल्या पैशांवर नाही, गाडी नवी असतानाच्या बिलावर. वयानुसार सूट मिळते, पण हिशेब सुरू होतो तो मूळ किमतीपासून. शिवाय परदेशात बनून आलेल्या गाडीला आपल्याकडे कराचा दर २० टक्के आहे. टीटी हंगेरीतून यायची, म्हणजे ती त्यातच मोडते. २०१५ साली आलेल्या टीटीची शोरूम किंमत ६० लाखांच्या वर होती. त्याचे २० टक्के म्हणजे १२ लाख. वयाची सूट वजा करूनसुद्धा जो आकडा उरतो, तो ‘स्वस्तात मिळाली’ या आनंदाचा पार चुराडा करतो.

खानापूरकडच्या एका मुलानं नेमकं हेच केलं. दिल्लीची गाडी, फोटो झकास, ट्रकवर घालून मागवली. पैसे पूर्ण दिल्यावर कळलं की एनओसी निघायचीय, कारण गाडीवर बँकेचं कर्ज अजून दिसतंय आणि चलानं थकलेली आहेत. कित्येक महिने गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून उभी. कागद आल्यावर कराचा आकडा ऐकून त्यानं ती गाडी पडेल त्या भावाला काढली. कर भरायचे पैसे होते, पण मनच विटलं होतं. त्याच्यानंतरही आपल्याकडच्या तिघा-चौघांनी हीच वाट धरली. म्हणून पुन्हा लिहितो: एमएच-१२ किंवा एमएच-१४ची गाडी बघा, फार तर मुंबई-ठाण्याची. दोन-तीन लाख जास्त मोजा. ते पैसे तुम्ही शांत झोपेसाठी देताय.

याचीच दुसरी बाजू आपल्या लोकांना कडू लागते, तरी सांगतो. गावाकडं वडिलांच्या नावावर केए-२२ पासिंगची गाडी घ्यायची आणि पुण्यात वर्षानुवर्षं फिरवायची, ही आपली जुनी खोड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथली नोंदणी घ्यावी लागते. साध्या स्विफ्टला कुणी अडवत नसेल. पण लाल रंगाची बुटकी स्पोर्ट्स गाडी प्रत्येक नाक्यावर उठून दिसते, आणि कागद मागितले जातात. पुण्यात राहायचं ठरवलंय ना? मग पुण्याचा कर भरा आणि मान वर करून चालवा.

गाडी बघायला जायच्या आधी विकणाऱ्याकडून नंबर घ्या आणि परिवहनच्या अ‍ॅपवर टाका. कितवा मालक, कर्ज आहे का, विमा कधी संपतो, आरसीची मुदत किती, हे सगळं तिथं दिसतं. चलानं वेगळी तपासा. आरसीची मुदत विसरू नका. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतरच्या नूतनीकरणाची फी साध्या कारला ५ हजार असली तरी आयात गाडीला ४० हजार आहे, आणि २० वर्षं उलटली की ८० हजार. २००८-१०ची टीटी किंवा मर्सिडीज एसएलके घेणाऱ्यानं हा आकडा पहिल्या दिवशीच किमतीत धरावा. फिटनेस आणि पर्यावरण कर वेगळा.

कुठली गाडी, यावर माझं मत ठाम आहे. पहिल्यांदाच घेताय तर टीटी घ्या. छप्पर पक्कं, इंजिन दोन लिटरचं टर्बो, आणि त्याच घराण्यातली इंजिनं स्कोडा-फोक्सवॅगनमध्येही आलेली असल्यामुळे पुण्यात हात लावणारे मेकॅनिक सापडतात. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९पासून आहे. तिथं किंवा त्यांच्या शोरूममध्ये शिकून बाहेर पडलेले लोक आज भोसरी, वाकड, कोंढव्यात स्वतःची गॅरेज चालवतात. एसएलके आणि २००९ ते २०१६ची झेड-फोर दिसायला सुरेख, पण दोन्हींचं पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत जातं. त्याची हायड्रॉलिक यंत्रणा जुनी झाली की गळते आणि अर्ध्यात अडकते. पुण्याच्या पावसात अर्ध्यावर अडकलेलं छप्पर कुणाच्या वाट्याला येऊ नये. २००४ ते २००६च्या सुमाराची एसएलके ३५० असेल तर इंजिनातल्या बॅलन्स शाफ्टचं दातेरी चाक बदललंय का, हे पावतीसकट विचारा. ते झिजलं असेल तर इंजिन उतरवावं लागतं. मिनी कूपर चालवायला मजेची आहे. मागे निदान दोन माणसं अंग चोरून बसतात.

बजेट दहा लाखांच्या खाली असेल तर कूपेचा, म्हणजे अशा दोन दारांच्या स्पोर्ट्स गाडीचा, नाद सोडा. रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो घ्या, १४५ हॉर्सपॉवरची. नाहीतर चाकणची पोलो जीटी टीएसआय घ्या, पण १.२ लिटरवाल्या पोलोचा सात गिअरचा ड्राय क्लच गिअरबॉक्स हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तापतो, तेव्हा मेकाट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचं, काम झालंय का ते बघा. दोन दारांचाच हट्ट असेल तर २०१६ साली मोजक्याच आलेल्या पोलो जीटीआयवर लक्ष ठेवा. क्वचित विकायला येते.

टीटी बघायला सकाळी लवकर जा, आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर तिथूनच परत फिरा, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळीचा खडखडाट आला, तर टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर संशयित आहे. तो सुटला तर चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह वाकतात. सायलेन्सरमधून निळा धूर दिसतो का पाहा. ऑइल किती पितं हे सरळ विचारा. या इंजिनांपैकी काही वर्षांच्या गाड्या ऑइल खातात, आणि प्रामाणिक मालक ‘हजार किलोमीटरला इतकं टाकतो’ असं नीट सांगतो. ‘एक थेंब नाही लागत’ असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. गिअरबॉक्स सहा गिअरचा ओल्या क्लचचा आहे, चांगला आहे, पण त्याचं तेल ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं. क्वात्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी टीटी असेल, तर मागच्या चाकांना जोडणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचं तेलही असंच. त्या दोन पावत्या मागा. नसतील तर झालेलं नाही असंच धरा.

स्कॅनर लावणारा माणूस बरोबर न्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. मीटर मागे फिरवलेला असेल तरी गाडीतल्या इतर मॉड्यूलमध्ये जुनं रनिंग कधीकधी सापडतं. ठोकलेली गाडी ओळखायला रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं, ते त्याच्याकडे असेल. पुरात बुडालेली गाडी मात्र तुम्हीच ओळखू शकता. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. डिकीतलं कार्पेट उचला, खालच्या बोल्टांना गंज आहे का पाहा. आपण लोक कोल्हापूर-सांगलीचा २०१९चा आणि २०२१चा पूर डोळ्यांनी बघून आलोय. पुण्यातही २०१९च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्यानं आणि २०२४च्या जुलैत सिंहगड रोडला मुठेच्या पाण्यानं पार्किंगं बुडवली. त्या गाड्या कुठंतरी विकल्या गेल्याच असणार.

मूळ पुणेकर विकणारा असेल तर त्याच्या कोरड्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका. चहा विचारणार नाही, भाव पाच हजारांनीही उतरवणार नाही, पण फाइल काढून देईल तेव्हा दहा वर्षांच्या पावत्या तारखेनं लावलेल्या असतील. अशा माणसाला सांगेल ती किंमत द्या. उलट ‘अरे, आपलाच बेळगावचा आहे’ म्हणून भेटलेल्या एजंटावर डोळे झाकून विश्वास टाकू नका. परगावात आपली भाषा ऐकली की आपण लगेच विरघळतो, आणि कागद बघायचे राहून जातात. गाववाला असला तरी टोकनची पावती घ्या. नावावर करायचा अर्ज ३० दिवसांत झाला पाहिजे. फॉर्म २९ आणि ३०वर सही झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

पेट्रोल: टीटीला ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं लागतं. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५ शहरात बऱ्याच पंपांवर मिळतं. एक्सपी १०० निघालं तेव्हा पहिल्या यादीत पुणे होतं, पण रोजच्या वापराला ते परवडत नाही. इथेनॉल किती चालतं ते बऱ्याचदा टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या २० टक्क्यांसाठी बनलेल्या नाहीत, म्हणून टाकी भरून महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी फिरवा.

रस्त्यांचं तुम्हाला आठवड्याभरात कळेलच. सोसायट्यांनी आपल्या मनानं घातलेले गतिरोधक सगळ्यात वाईट. तिरकी घ्या, एकेक चाक चढवा. खोली भाड्यानं घेतानाच बेसमेंटचा उतार बघा. वाकड-पुनावळे बाजूला काही ठिकाणी तो इतका खडा आहे की पुढचा बंपर रोज घासतो. पेठांमध्ये ही गाडी नेऊच नका, रिक्षानं जा. टायर ४० प्रोफाइलचे असतात, खड्ड्यात गेले की बाजूला फुगा येतो. टायरवरचे चार आकडे वाचायला शिका. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी जुना टायर बदलायचा.

गाडी मिळाली की पहिल्याच शनिवारी ती घेऊन बेळगावला निघायचं आणि आरपीडी कॉर्नरला मित्रांना दाखवायची, हे मला माहीत आहे. जा, पण पहिल्या महिन्यात नको. आधी सगळी तेलं, ब्रेक आणि कूलंट बदलून घ्या, शहरात हजारभर किलोमीटर चालवा. सातारा ते कागल सहापदरीच्या कामाची वळणं सुरू आहेत, तिथून रात्री बुटकी गाडी काढू नका. उजेडात निघा. एखादा बुश किंवा ब्रॅकेट मिळत नसेल तर मात्र गावाकडंच करून घ्या. उद्यमबागेत लेथवर बसणारे आपले कारागीर नमुना बघून जे करून देतात, तसं काम मला पुण्यात फारसं बघायला मिळालेलं नाही.

विम्याचं थोडक्यात. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज द्या, नाहीतर तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडकतो.

आणि दुसरी किल्ली. व्यवहाराच्या दिवशी दोन्ही किल्ल्या हातात घेऊन, दोन्हींनी गाडी उघडून आणि सुरू करून बघा. ‘एक गावाला राहिलीय, कुरिअर करतो’ असं कुणी म्हणालं तर नव्या किल्लीचा आणि कोडिंगचा खर्च शोरूमला फोन करून विचारा आणि तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.