गौताळ्यात पायी फिरायचंय? मग निघायच्या आधी एवढं बघून घ्या

संभाजीनगरवरून धुळे रोडनं वेरूळ मागं टाकलं की पुढं कन्नड, आणि तिथून गौताळा अभयारण्य जवळच. १९८६ ला अभयारण्य जाहीर झालं, पसारा जवळपास २६० चौरस किलोमीटर, थोडं आपल्याकडं थोडं जळगाव जिल्ह्यात, त्यामुळं एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरू नका. लोक अकराला पोचतात, सीता न्हाणी, पितळखोरा, अंतूर किल्ला सगळंच बघायचं म्हणतात अन् दिवस गाडीतच जातो. एकच ठिकाण धरा पण पायी फिरा.

पहिल्यांदा जाताय तर पितळखोराच करा. दरीत पायऱ्या उतरत जायचं, दोन हजार वर्षांपेक्षा जुनी बौद्ध लेणी आहेत, दगडात कोरलेली हत्तींची रांग लई भारी. आणि एका खांबावर लेख आहे, पैठणच्या अत्तरवाल्या मितदेवानं दान दिल्याचा, म्हणजे आपल्या पैठणचाच माणूस की, तो खांब बघितल्याशिवाय येऊ नका. उतरताना काही वाटत नाही पण वर येताना धाप लागते, सोबत म्हातारी माणसं असतील तर थांबत थांबत चढा.

धबधबे बघायचे तर जुलै ते सप्टेंबर, पण निवांत चालायचं असेल तर पाऊस उघडल्यावर थंडी संपेपर्यंत. मार्चनंतर पानगळ होते, सावलीच राहत नाही. तेव्हा सालईचं झाड मात्र लगेच ओळखू येतं, कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले असतात, हाताने सोलू नका फक्त.

गेटवर वनखात्याची फी भरा आणि तिथल्या माणसाला आज कोणती वाट चालू आहे ते विचाराच. पावसात काळ्या दगडावरचं शेवाळ दिसतच नाही, पाय ठेवला की सटकतो, म्हणून चप्पल नको, चांगल्या पकडीचे बूट घाला आणि रीलसाठी धबधब्याच्या तोंडाशी तर अजिबात जाऊ नका. कड्याला आग्या मोहळ दिसलं तर आरडाओरडा, धूर, सेंट काहीच नको.

पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आत हॉटेल शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका. प्लॅस्टिक परत गाडीत टाका, माकडं पिशव्या फाडून खातात. बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत या जंगलात, तेव्हा एकटं मागं राहू नका आणि चारला परतीला लागा.