पहिल्या तासाला आडनाव विचारू नका

मी कोथरूडमध्ये शनिवार-रविवारी सकाळी अमराठी मोठ्या माणसांना बोलायची मराठी शिकवते. बारा जण, दीड तास. कुणी हिंजवडीहून येतं, कुणी रात्रपाळी संपवून थेट. पहिल्या तासाला माणसं मोकळी झाली नाहीत, तर पुढचे तीन महिने ती नुसती वहीत लिहून घेतात, म्हणून नव्यानं वर्ग सुरू करणाऱ्यांसाठी हे सांगते.

आधी मी प्रत्येकाला उभं करून पाच वाक्यांत ओळख सांगायला लावायचे. एक मुलगा तिसऱ्या वाक्याला अडकला, कुणीतरी हसलं, आणि तो परत आलाच नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून खुर्च्या गोल मांडते आणि पहिल्यांदा चुकायचं काम स्वतःकडे घेते.

पहिली पंधरा मिनिटं त्यांनी मला शिकवायचं. प्रत्येकानं आपल्या भाषेतला एक शब्द आणायचा, मी तो म्हणून बघायचा. फळ्यावर तीनच वाक्यं लिहा: ‘असं नाही’, ‘परत म्हणा’, ‘आता बरोबर’. गेल्या वर्षी केरळची एक नर्स होती. पेशंटला ‘दुखतंय का’ विचारताना लोक हसले, म्हणून तिनं मराठी बोलणंच सोडलं होतं. तिनं डब्यातलं केळं काढलं आणि म्हणाली, ‘पऴम’. मी म्हटलं, ‘पळम’. ‘असं नाही.’ पुन्हा ‘पळम’. ‘असं नाही ताई, परत म्हणा.’ शेवटी ती उठून माझ्यासमोर आली आणि तोंड उघडून जिभेचं टोक मागे कसं वळवायचं ते दाखवलं. सहाव्यांदा जमलं. ‘आता बरोबर!’ केवढ्यानं म्हणाली! त्या दिवशी सगळ्यांत जास्त मराठी तीच बोलली.

मग आवडीनिवडी. ‘मला चहा आवडतो, कॉफी आवडते, दूध आवडतं’ यात तिन्ही लिंगं येतात, पण ती आज समजावत बसू नका. जो तो आपलं पेय सांगेल आणि शेजारच्याचं लक्षात ठेवेल, एवढं पुरे. ‘दोन खरं, एक खोटं’ हा खेळ, म्हणजे स्वतःबद्दल दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी खोटी ओळखायची, मी पहिल्या दिवशी घेत नाही. त्याला भूतकाळ लागतो, आणि ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ मध्ये क्रियापद कर्माच्या मागे धावतं. नवखा माणूस तिथंच गडबडतो. शिवाय ज्यांच्यावर विश्वास टाकायचाय, त्यांच्याशी सुरुवात खोट्यानं कशाला?

सगळ्यांत जास्त वेळ द्या तो ‘आपण’ आणि ‘आम्ही’ला. दोघादोघांच्या जोड्या करा आणि तीन सारख्या गोष्टी शोधायला सांगा. एकमेकांशी बोलताना ‘आपण बसनं येतो’, तेच वर्गाला सांगताना ‘आम्ही बसनं येतो’. हिंदीत दोन्हीला ‘हम’ पुरतं, त्यामुळे हिंदीवाले अडतात. गुजरातीत मात्र ‘आपणे’ आणि ‘अमे’ असतात, तेलुगूत ‘मनं’ आणि ‘मेमु’. म्हणून जोडीत एक हिंदीवाला आणि एक गुजराती किंवा तेलुगू बोलणारा बसवा. शिकवायचं काम तेच करतात, तुम्ही गप्प राहा. शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ‘आपण शनिवारी येतो’.

कुणी अडलं तर गोलाबाहेरून त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहा. त्यानं हवं ते आपल्या भाषेत हळूच सांगावं, तुम्ही मराठी वाक्य कानाशी सांगावं, मग त्यानं ते सगळ्यांना ऐकवावं. चार्ल्स करन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीतलं हे तंत्र आहे. त्यासाठी अडलेल्याची भाषा तुम्हाला समजावी लागते. मी हिंदी आणि इंग्रजीवर निभावते.

आडनाव, लग्न, पगार हे विषय नकोत. आपल्याकडे आडनावावरून जात ताडली जाते, आणि ते समोरच्याला लगेच कळतं. घरी तुम्हाला काय हाक मारतात, एवढंच विचारा आणि त्याच नावानं हाक मारा.

तिसऱ्या आठवड्यात कुणी नवीन आलं, तर त्याला ‘ओळख करून द्या’ म्हणू नका. खुर्ची गोलात ओढा, फळ्यावर पुन्हा ती तीन वाक्यं लिहा, आणि त्याच्या भाषेतला एक शब्द आधी तुम्ही म्हणून बघा.