बाळाला दिलेलं औषध परत मागवलंय म्हणतात, तेव्हा

बाटली फेकू नका. बातमी कानावर आली की हात आधी कचऱ्याच्या डब्याकडे जातो, आणि पुरावा तिथंच संपतो. औषध द्यायचं त्या घडीपासून बंद करा. बाटली, खोकं, मापाचं झाकण, बिल, जे सापडेल ते एका पिशवीत बांधून लेकरांच्या हाताला लागणार नाही असं वर ठेवा.

मग उजेडात जाऊन बॅच नंबर शोधा, म्हणजे एका वेळी बनवलेल्या औषधाच्या घाण्याला दिलेला नंबर. अंबाजोगाईत आमचं मेडिकल आहे, काउंटरवर फार्मसिस्ट मीच असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपनं लेकरं दगावल्याची बातमी आली तेव्हा घाटनांदूर, बर्दापूरकडचे आयाबाप लेकरू कडेवर घेऊन यायचे, बाटली काउंटरवर ठेवायचे आणि विचारायचे, "ताई, हेच का ते?" बहुतेकांच्या हातात भलत्याच कंपनीची बाटली असायची. पण आदली रात्र त्यांनी जागून काढलेली असायची, ते तोंडावरच दिसायचं.

औषध परत मागवतात ते बहुतेक वेळा ठराविक बॅचचं. त्या वेळी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं जे थांबवायला सांगितलं, ते कोल्ड्रिफ सिरप, बॅच एसआर-१३. मे २०२५ मध्ये बनलेलं, एक्स्पायरी एप्रिल २०२७. म्हणजे 'तारीख अजून लांब आहे' म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही. नाव, कंपनी आणि बॅच, तिन्ही जुळवून बघा, आणि ती सरकारी सूचनेशी किंवा छापील बातमीशी जुळवा. व्हॉट्सॲपवर फिरणारा बाटलीचा फोटो कधीचा आणि कुठला, कुणालाच माहीत नसतं.

बॅच नंबर लेबलवर किंवा खोक्याच्या कडेला छापलेला असतो. औषध सांडून अक्षरं पुसली असतील तर बिल बघा, दुकानदारानं त्यावर बॅच नंबर घालायचाच असतो. बिलच घेतलं नसेल तर त्याच दुकानात जा. त्याच्या खरेदीच्या बिलावरून त्या सुमाराला कुठल्या बॅच आल्या होत्या ते कळतं. तो कुरकुर करेल. करू द्या. (आमच्याच धंद्यातली माणसं मला यावरून बोलतात, पण बिनबिलाचं औषध विकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.)

त्या सिरपमध्ये पॅरासिटामॉलही होतं, म्हणून लोक मला सारखं विचारतात की पॅरासिटामॉल वाईट असतं का. नाही. छिंदवाड्याला लेकरांचा जीव गेला तो डायएथिलीन ग्लायकॉलनं. सिरपमध्ये औषध विरघळवायला जो द्रव वापरतात, त्यात हे कारखान्यातलं रसायन असलं की ते किडनी निकामी करतं. चालण्याची मर्यादा ०.१ टक्का, आणि तमिळनाडूच्या तपासणीत त्या बॅचमध्ये निघालं ४८.६ टक्के. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरीनमध्ये हेच मिसळलेलं होतं आणि रुग्ण दगावले होते. या रसायनाला रंग नाही, चव गोडसर. त्यामुळं वास घेऊन, चाखून, उकळून घरी काहीही कळणार नाही. एक आजोबा स्वतः दोन घोट पिऊन बघायला निघाले होते.

बॅच जुळली, तर लेकरू खेळत असलं तरी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. बाटली सोबत घ्या. कागदावर लिहून न्या: शेवटचा डोस कधी, किती मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस. डॉक्टर बहुधा रक्तातलं क्रिएटिनिन बघतील, त्यावरून किडनी नीट चालतेय का ते कळतं. एकदा ठीक आलं तरी पुन्हा कधी बघायचं ते विचारून घ्या.

घरी नजर ठेवायची ती लघवीवर. मी आल्याआल्या हेच विचारते, "लेकरू लघवी करायलंय का?" आणि आया सांगतात, "दूध पितंय की!" दूध चांगलंच, पण लंगोट किती ओले झाले ते सांगा. डायपरमध्ये अंदाज येत नाही, म्हणून एकदोन दिवस सुती लंगोट बांधा. सहा-आठ तास लंगोट कोरडा, उलट्या, पोट दुखून रडणं, उठवूनही डोळे न उघडणारी गुंगी, जोरात चालणारा श्वास, तोंडावर सूज, झटका, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. इकडं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे, संभाजीनगरकडच्यांना घाटी रुग्णालय. लहान लेकराचं डायलिसिस सगळीकडं होत नाही, तेव्हा पुढं पाठवायला सांगितलं तर घरात चर्चा करत बसू नका.

मिठाचं पाणी पाजून, बोट घालून उलटी काढू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा. आणि भीतीपोटी झटक्यांचं किंवा थायरॉईडचं चालू औषध परस्पर बंद करू नका. ते एकदम सोडल्यानं वेगळंच संकट येतं.

बॅच जुळली नाही तरी तक्रार करता येते. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८०० २२२ ३६५. औषधानं त्रास झाला असेल तर १८०० १८० ३०२४ वर नोंदवा. बाटली औषध निरीक्षकानं मागितली तर पोच घेऊनच द्या, आणि त्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा.

पुढच्या सर्दीचं काय, हा प्रश्न उरतोच. दोन वर्षांखालच्या लेकराला सर्दी-खोकल्याचं सिरप द्यायचंच नाही, आणि पाच वर्षांखालीही शक्यतो नाही, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना कळवलंय. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते घाला. एक वर्षाच्या आत मध चाटवू नका. आणि ओव्याच्या पुरचुंडीत कापूर घालणाऱ्या आज्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, कापूर तान्ह्याच्या जवळसुद्धा नको. त्यानं झटके येऊ शकतात.