‘की’ म्हणजे ‘दॅट’, पण ‘मी’ म्हणजे नेहमी ‘आय’ नव्हे

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक सुपरवायझर माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येत असत. परदेशी ग्राहकाला पाठवलेला एक ईमेल त्यांनी एकदा मला दाखवला. त्यात लिहिले होते, ‘सर सेड दॅट देअर कार इज इन सर्व्हिसिंग अँड आय विल कम टुमारो.’ त्यांच्या मनातले मराठी वाक्य अगदी निर्दोष होते : ‘साहेब म्हणाले की त्यांची गाडी सर्व्हिसिंगला आहे, मी उद्या येईन.’ ग्राहकाने मात्र उलट विचारले होते की गाडी नेमकी कोणाकोणाची आहे आणि उद्या भेटायला साहेब येणार आहेत की तुम्ही. ईमेलमध्ये स्पेलिंगची एकही चूक नव्हती, तरीही दोन माणसांची अदलाबदल झाली होती.

ही चूक मराठी माध्यमातून शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून होते, आणि तिचे कारण अज्ञान नसून आपल्या भाषेची एक चांगली सवय आहे. मराठीत ‘की’ आला म्हणजे मूळ बोलणारा स्वतःच पुढे येऊन बोलू लागतो. त्याचा ‘मी’ मीच राहतो, त्याचा ‘येईन’ येईनच राहतो. इंग्रजी ‘दॅट’नंतर मात्र बोलणारा बदलत नाही. निरोप सांगणारा माणूस शेवटपर्यंत स्वतःच बोलत असतो आणि वाक्यातल्या प्रत्येक सर्वनामाकडे, प्रत्येक ‘माझा-तुझा’कडे तो स्वतःच्या जागेवरून पाहतो. म्हणून वाक्य लिहिण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मनाशी पक्की करावीत : मूळ बोलणे कोणाचे, ते कोणाला उद्देशून, आणि आता ते सांगणारा मी या दोघांपैकी कोणी आहे की तिसराच आहे.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारातले एक साधे वाक्य घेऊ. बागायतदार व्यापाऱ्याला म्हणाला, ‘मी तुमचे क्रेट सोमवारी परत करीन.’ हे वाक्य व्यापारी स्वतः सांगत असेल तर तो म्हणेल, ‘द ग्रोअर टोल्ड मी दॅट ही वुड रिटर्न माय क्रेट्स ऑन मंडे.’ तेच बागायतदार सांगत असेल तर, ‘आय टोल्ड द ट्रेडर दॅट आय वुड रिटर्न हिज क्रेट्स ऑन मंडे.’ आणि शेजारी उभा असलेला हमाल सांगत असेल तर, ‘द ग्रोअर टोल्ड द ट्रेडर दॅट ही वुड रिटर्न हिज क्रेट्स ऑन मंडे.’ क्रेट तेच, सोमवार तोच, पण ‘तुमचे’ या एका शब्दाचे एका तोंडी ‘माय’ झाले आणि दुसऱ्या दोघांच्या तोंडी ‘हिज’. ही तीन वाक्ये वहीत एकाखाली एक लिहून प्रत्येक सर्वनामापासून त्या त्या माणसापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढावी. माझ्या अनुभवात नियम पाठ करण्यापेक्षा या रेघांचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

हमालाच्या वाक्यात एक अडचण मात्र उरते, आणि ती इंग्रजीची स्वतःची आहे. मराठीत ‘मी’ आणि ‘तुमचे’ असे दोन वेगळे शब्द होते, त्यामुळे क्रेट कोणाचे याविषयी शंकेला जागाच नव्हती. इंग्रजीत ‘ही’ बागायतदारासाठी आला आणि ‘हिज’ व्यापाऱ्यासाठी, पण ऐकणारा दोन्ही शब्द एकाच माणसाला लावू शकतो. अशा वेळी सर्वनामाचा हट्ट धरू नये. ‘द ट्रेडर्स क्रेट्स’ असे नाम पुन्हा लिहावे आणि ‘ट्रेडर’नंतर वरचा स्वल्पविराम देऊन ‘एस’ जोडावा. क्रेट बागायतदाराचेच असतील तर ‘हिज ओन क्रेट्स’ म्हणावे, कारण आपल्या ‘स्वतःचे’ या शब्दाचे काम ‘ओन’ करतो. कुठे व्यापारी बाई असली तर ‘हर’ लिहिल्याने प्रश्न आपोआप सुटतो.

सुपरवायझरांच्या ईमेलमधली दुसरी चूक आपल्या आदरातून आली होती. आपण वडिलांना, साहेबांना, सरांना ‘ते’ म्हणतो, ‘त्यांची’ म्हणतो आणि क्रियापदही अनेकवचनी ठेवतो. मग हात आपोआप ‘देअर’ आणि ‘आर’ लिहून जातो. ‘माय फादर सेड दॅट दे आर टायर्ड’ हे वाक्य वाचून इंग्रजी वाचणारा वडिलांबरोबर आणखी कोण दमले हे शोधू लागतो. इंग्रजीत सर्वनामाच्या अनेकवचनाने आदर दाखवला जात नाही. एका पुरुषाला, तो कितीही वडीलधारा असो, ‘ही’ आणि ‘हिज’च लागतात. वडिलांना ‘ही’ लिहिताना आपण त्यांना एकेरी हाक मारतो आहोत असे वाटून अनेकांचा हात अडखळतो, हे मी वर्गात पाहिले आहे. तो संकोच मनापासूनचा आहे, पण तो बाजूला ठेवावाच लागतो. व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठाऊक नसेल तेव्हा एकाच माणसासाठीही ‘दे’ वापरतात, पण त्याचा आदराशी संबंध नाही.

‘आपला’ हा शब्दही असाच सांभाळायचा आहे. ‘तिने सांगितले की आपला भाऊ नाशिकरोडला उतरला’ यातला ‘आपला’ म्हणजे तिचा स्वतःचा, म्हणून ‘शी सेड दॅट हर ब्रदर हॅड गॉट ऑफ अ‍ॅट नाशिकरोड’. येथे ‘अवर’ लिहिले की तो भाऊ लिहिणाऱ्याचाही होऊन बसतो.

आता क्रियापद. ‘सेड’, ‘टोल्ड’ असे भूतकाळी क्रियापद पुढे असेल तर ‘दॅट’नंतरचा काळ सहसा एक पाऊल मागे जातो : ‘इज’चे ‘वॉज’, ‘विल’चे ‘वुड’, ‘कॅन’चे ‘कुड’, ‘केम’चे ‘हॅड कम’. मराठीत असे काही घडत नसल्यामुळे हे पाऊल मागे टाकणे विसरले जाते. पुढे ‘सेज’ असा वर्तमानकाळ असेल तर मात्र काहीही मागे न्यायचे नाही, आणि सांगितलेली गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवता येतो. ‘द टीचर सेड दॅट द गोदावरी राइजेस निअर त्र्यंबकेश्वर’ हे वाक्य बरोबर आहे, कारण नदीचा उगम काल होता तेथेच आजही आहे. ‘टुमारो’चे ‘द नेक्स्ट डे’ असेच यांत्रिकपणे करू नये. तो उद्याचा दिवस अजून यायचा असेल तर ‘टुमारो’च बरोबर. सुपरवायझरांनी ईमेल त्याच दिवशी पाठवला होता, म्हणून त्यांचे वाक्य ‘माय बॉस सेड दॅट हिज कार वॉज बीइंग सर्व्हिस्ड अँड दॅट ही वुड कम टुमारो’ असे हवे होते. दुसरा ‘दॅट’ मुद्दाम ठेवावा, कारण त्यामुळे दोन्ही गोष्टी साहेबांनीच सांगितल्या हे स्पष्ट राहते.

‘टेल’नंतर ज्याला सांगितले तो माणूस लागतोच, ‘से’नंतर थेट माणूस येत नाही, ‘ही टोल्ड दॅट’ आणि ‘ही सेड मी दॅट’ ही दोन्ही रूपे टाळावीत. बोलताना ‘से’, ‘थिंक’, ‘नो’ यांच्यापुढचा ‘दॅट’ सर्रास गाळला जातो, परंतु तो गाळला म्हणून सर्वनामाचा किंवा काळाचा नियम सुटत नाही. लिहिताना ‘हिज’ आणि ‘हीज’ यांचीही गल्लत होते. पहिला ऱ्हस्व, म्हणजे ‘त्याचा’, आणि त्याला वरचा स्वल्पविराम कधीही नसतो. दुसरा दीर्घ, म्हणजे ‘तो आहे’, आणि त्याला तो लागतोच.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला थेट मदत करते. ‘डॉक्टरांनी सुचवले की त्याने मीठ कमी खावे’ यातला ‘खावे’ हा विध्यर्थ आहे, आणि जेथे मराठीत असा विध्यर्थ येतो तेथे ‘सजेस्ट’, ‘इन्सिस्ट’, ‘रेकमेंड’ यांच्यानंतर इंग्रजीत क्रियापदाचे मूळ रूप येते : ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही ईट लेस सॉल्ट.’ येथे ‘ईट्स’ही नाही आणि ‘एट’ही नाही, फार तर ‘शुड ईट’ चालेल. ‘इन्सिस्ट’मध्ये तर हा फरक अर्थच बदलतो. ‘त्याने यावे असा तिने आग्रह धरला’ म्हणजे ‘शी इन्सिस्टेड दॅट ही कम’, आणि ‘तो आला होता असे तिने ठासून सांगितले’ म्हणजे ‘शी इन्सिस्टेड दॅट ही हॅड कम’. लिहिण्याआधी मराठी वाक्य मनात म्हणून पाहावे. ‘यावे’ ऐकू आले की उत्तर मिळाले.

शेवटची अडचण ‘अबाउट’, ‘ऑफ’, ‘अ‍ॅट’ अशा शब्दांची. यांच्यापुढे ‘दॅट’ने सुरू होणारे वाक्य थेट जोडता येत नाही, म्हणून ‘आय कम्प्लेन्ड अबाउट दॅट ही केम लेट’ हे चूक आहे. त्याऐवजी ‘आय कम्प्लेन्ड दॅट ही केम लेट’ म्हणावे, किंवा ‘अबाउट’ हवाच असेल तर ‘आय कम्प्लेन्ड अबाउट हिज कमिंग लेट’ अशी रचना करावी. विद्यार्थ्यांना ही रचना परकी वाटते, पण ‘मी त्याच्या उशिरा येण्याबद्दल तक्रार केली’ हे वाक्य सावकाश म्हणून पाहा : ‘त्याच्या’ म्हणजे ‘हिज’, ‘येण्या’ म्हणजे ‘कमिंग’, आणि ‘बद्दल’ म्हणजे ‘अबाउट’, फक्त आपण तो मागे जोडतो आणि इंग्रज पुढे ठेवतो. बोलताना ‘हिज’ऐवजी ‘हिम कमिंग लेट’ही ऐकू येते, अर्जात आणि कार्यालयीन पत्रात ‘हिज’च लिहावे.