‘राष्ट्रीय’ म्हणवणारी साहित्यकृती कशी वाचावी

एखाद्या महाकाव्याला किंवा कादंबरीला ‘राष्ट्राची कथा’ म्हटले जाते, तेव्हा वाचकाने आधी सनावळी तपासावी. फिनलंडचे राष्ट्रीय महाकाव्य मानले जाणारे ‘कालेवाला’ १८३५ साली प्रथम छापले गेले, तेव्हा तो देश रशियन साम्राज्याचा भाग होता. स्वातंत्र्यासाठी १९१७ साल उजाडावे लागले. राष्ट्र आधी आणि त्याची कथा नंतर, हा आपला समज येथे उलटा ठरतो.

त्यानंतर कथा कोणी जुळवली, हे पाहावे. ‘कालेवाला’ जुळवणारे एलियास ल्योनरोट पेशाने डॉक्टर होते. कारेलिया भागातील गायकांकडून त्यांनी सुटी गीते टिपून घेतली, त्यांचा क्रम लावला, सांधण्यासाठी काही ओळी स्वतः रचल्या आणि १८४९ मध्ये पन्नास सर्गांची विस्तारित आवृत्ती काढली. एवढ्यावरून ग्रंथाला बनावट ठरवणे उतावीळपणाचे होईल. मात्र कोणते गीत घेतले, कोणते वगळले आणि कोणत्या प्रसंगानंतर कोणता ठेवला, या निवडीतच राष्ट्राची कल्पना आकार घेत असते. म्हणून प्रस्तावना आणि आवृत्त्यांमधील फरक मूळ संहितेइतक्याच लक्षपूर्वक वाचावेत.

भाषेचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. स्पेनच्या ताब्यातील फिलिपिन्सचे लेखक होसे रिझाल यांची ‘नोली मे तान्हेरे’ ही कादंबरी १८८७ साली बर्लिनमध्ये, राज्यकर्त्यांच्याच स्पॅनिश भाषेत छापली गेली, आणि ती भाषा बहुसंख्य फिलिपिनो लोकांना वाचता येत नव्हती. पुढे १९५६ च्या कायद्याने ती तेथील शिक्षणक्रमात सक्तीची झाली. पहिला वाचक आणि आजचा वाचक यांची अशी गल्लत होऊ देऊ नये.

शेवटी, कृतीला हा मान कोणी दिला आणि तो देताना कशाकडे काणाडोळा केला, हे शोधावे. माझ्या मते सर्वांत फलदायी प्रश्न हाच. अर्जेंटिनातील ‘मार्तिन फिएरो’ या १८७२ च्या काव्याचा नायक सक्तीच्या लष्करी सेवेतून पळालेला गाउचो, म्हणजे गवताळ मैदानांतला घोडेस्वार गुराखी आहे. कवी लेओपोल्दो लुगोनेस यांनी १९१३ च्या व्याख्यानांतून या काव्याला राष्ट्रीय महाकाव्याचे स्थान मिळवून दिले. ज्या राज्ययंत्रणेने फिएरोला देशोधडीला लावले, त्याच देशाचा तो प्रतीकपुरुष झाला. पण काव्याच्या १८७९ साली आलेल्या दुसऱ्या भागात क्रूर म्हणून रंगवलेल्या मूलनिवासींना या राष्ट्रकथेत शत्रूखेरीज दुसरी भूमिका जवळजवळ मिळालीच नाही.