प्रकाशरेषांचे चित्र कॅमेऱ्याने कसे काढावे

कॅमेऱ्याचे शटर काही सेकंद उघडे ठेवून अंधारात दिवा फिरवला, की त्याचा सारा प्रवास छायाचित्रात एकसंध रेषा होऊन उमटतो. पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारे यांचे सहकारी देमेनी यांनी १८८९ च्या सुमारास चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांना दिवे बांधून असे छायाचित्र घेतले होते. हेतू शरीराच्या हालचालींचा अभ्यास हा होता, चित्र काढणे हा नव्हे. पुढे १९४९ मध्ये पिकासोने छोटा दिवा हाती घेऊन हवेत आकृत्या रेखाटल्या आणि छायाचित्रकार जॉन मिली यांनी त्या टिपल्या.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा आणि त्यातील कंपनरोधक सुविधा बंद करावी. ज्या जागी उभे राहायचे तिथे टॉर्चचा झोत टाकून फोकस साधावा व लगेच मॅन्युअल फोकसवर यावे, नाहीतर अंधारात लेन्स फोकस शोधत राहते. आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/८ आणि शटर ३० सेकंद ही सुरुवात पुरेशी आहे. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) ठरावीक ठेवावा आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावी.

नवशिक्यांची खरी गफलत यापुढे होते. रेषा फिकी आली की ते शटरची वेळ वाढवतात, आणि उजळते ती केवळ पार्श्वभूमी. दिवा कोणत्याही एका बिंदूवर क्षणभरच असतो, त्यामुळे शटर १५ सेकंद उघडे राहिले काय किंवा ३० सेकंद, त्या बिंदूला मिळणारा प्रकाश तेवढाच राहतो. रेषेचा उजळपणा दिव्याची तीव्रता, अॅपर्चर, आयएसओ आणि हाताची गती यांवर ठरतो. म्हणून रेषा भडक वाटल्यास अॅपर्चर एफ/११ करून छिद्र लहान करावे आणि पार्श्वभूमी काळवंडल्यास वेळ वाढवावी. कुंचल्यावरचा दाब जे काम करतो ते येथे गती करते: हात रेंगाळला की रेषा जाड व पांढुरकी होते, झपकन फिरला की विरळ. हे हाताला समजेपर्यंत दिव्याचे रंग बदलत बसण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

कपडे गडद असावेत आणि दिव्याचा उजेड स्वतःच्या अंगावर पडू देऊ नये. कॅमेऱ्याकडे तोंड करून अक्षरे लिहिल्यास ती उलटी उमटतात, ती नंतर संगणकावर आरशातल्याप्रमाणे डावी-उजवी पालटून (फ्लिप करून) घेता येतात. एका अक्षरावरून दुसऱ्याकडे जाताना दिवा झाकावा. शिरोरेखा शेवटी, एका दमात ओढावी. मोबाइलवर मॅन्युअल मोड वापरावा, कारण नाइट मोड अनेक छोट्या चित्रांची जुळणी करतो आणि त्यात रेषा तुटू शकते.

एकाच प्रयत्नात सारे साधत नसेल, तर कॅमेरा न हलवता आकृतीचे भाग स्वतंत्रपणे टिपावेत आणि गिंप किंवा क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती चित्रे लेअर म्हणून, म्हणजे थरांप्रमाणे, एकावर एक ठेवून ‘लायटन’ हा ब्लेंड मोड (थर मिसळण्याची पद्धत) निवडावा. त्यात प्रत्येक ठिकाणी अधिक उजळ असलेला भाग तेवढा राहतो, त्यामुळे काळोखाची भर पडत नाही. अशा वेळी दीर्घ एक्स्पोजरची नॉइज रिडक्शन (चित्रातील दाणेदारपणा कमी करणारी सुविधा) बंद ठेवणे सोयीचे असते, कारण ती चालू असताना ३० सेकंदांच्या चित्रानंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद शटर मिटून एक काळी चौकट टिपतो, आणि तोवर हाताची लय मोडलेली असते.